लिमयांच्या मुलीचे सतरा डाग

आंबा हातात न घेता, नुसता चार हातांवरून बघून त्यातला दोष सांगणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे आपण, असं चारुदत्त लिमयेचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. मत अगदीच खोटं होतं असंही नाही! आरे-वारेच्या वर, कातळाच्या सड्यावर त्याची तीनशे कलमं. एप्रिल लागला की बागेतल्या मांगरात, त्या कौलारू खोपटात, आंब्यांची रास पडायची आणि चारुदत्त पाटावर मांडी ठोकून एकेक फळ फिरवायचा. हा आपटलाय! याला चीक लागलाय! ह्याच्यावर करपा! याचं देठ काळं पडतंय, चार दिवसांत कुजेल, काढ बाजूला! त्याच्या हाताखालून डागी फळ पेटीत गेलं, असं कधी झालं नव्हतं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा त्याने नवरीकडेही त्याच नजरेने पाहिलं होतं. "काय हो, मला पेटीत भरणार होतात की बाजूला काढणार होतात?" असं सुनेत्रा त्याला अजून विचारायची.

एकाच दोषापुढे त्याचं काही चालत नसे. साका! फळ वरून सोन्यासारखं, वास असा की दारावरून जाणाऱ्याने थांबावं, आणि कापलं की आत गर पांढरा, आंबट, मेलेला. साका बाहेरून कुणालाच कळत नाही. पण आपल्यालाही कळू नये, हा चारुदत्तला स्वतःचा अपमान वाटायचा.

आता जरा वेळ हसू नका, कारण मधली एवढी गोष्ट हसण्यासारखी नाही. दोन वर्षांपूर्वी, ब्याऐंशी साली, अशाच हंगामात सुनेत्राला मुलगा झाला होता. तिची आई आजारी, म्हणून बाळंतपण नाटे गावात तिच्या मावशीकडे झालं. चारुदत्त इथे पेट्या भरत होता. "सगळं छान आहे, सावकाश या," असा निरोप आला, म्हणून तो सावकाश गेला. तिसऱ्या दिवशी पोचला, तोवर मूल गेलं होतं. कशाने गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही. त्याच्या हातात दिलं ते पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, आणि फडकं बाजूला करायचा त्याला धीर झाला नाही. त्यानंतर त्या मुलाबद्दल घरात कुणी एक अक्षर काढलं नाही. पण चारुदत्तच्या डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच. अंगावर कुठेतरी काहीतरी खूण असणार! कुणी नीट बघितलंच नाही. मी असतो तर मला दिसलं असतं!

म्हणून या खेपेला त्याचा बेत पक्का होता. बाळंतपण रत्नागिरीतच, चांगल्या डॉक्टरीणबाईंकडे. आणि मूल जन्माला आलं की पहिली तपासणी आपली. एवढे लाखभर आंबे पारखले, एक मूल पारखायला काय जातंय!

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात, एका मंगळवारी सकाळी, मुलगी झाली. मालन सिस्टर बाळ घेऊन बाहेर आल्या. या बाईंनी त्या प्रसूतिगृहात वीस वर्षं काढलेली. डॉक्टरीणबाई सोडल्या तर त्या कुणालाच जुमानत नसत.

"घ्या, लक्ष्मी आली! घ्या हातात."

चारुदत्तने हातात घेतली नाही. "जरा खिडकीपाशी, उजेडात धरता?" म्हणाला. मालन सिस्टरांनी धरली. चारुदत्तने दुपटं बाजूला केलं आणि बोट रोखलं.

"सिस्टर, डोकं!"

"हो, डोकंच आहे ते."

"पण लांबट आहे! आणि इथे मागे एका बाजूला फुगलंय. दाबलं तर मऊ लागतंय."

"दाबू नका! असतं तसं."

"आणि ही टाळू? ही उडतेय बघा!"

"असतं तसं."

"हात निळे! पाय निळे! अहो, नाकावर पांढरी बारीक बुरशी आलीय!"

"लिमये, असतं तसं म्हटलं ना!"

हे "असतं तसं" ऐकून चारुदत्तचा संशय आणखीच बळावला. कारण हे शब्द त्याच्या चांगले ओळखीचे होते! गिऱ्हाइकाने आंब्यावरच्या डागावर बोट ठेवलं की दलाल हेच म्हणतो. खरं सांगायचं तर हंगामाच्या शेवटी, माल कसातरी संपवायचा असतो तेव्हा, खुद्द चारुदत्तही हेच म्हणत असे.

त्याने खिशातून पेटीवर चिकटवायचं एक लेबल काढलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. एक, डोके आपटलेले. दोन, टाळू उडते. तीन, हातपाय निळे. मग मुलीला पालथं करायला लावलं, तर ढुंगणावर रुपयाएवढा काळानिळा चट्टा! चार. पण पठ्ठ्याने तपासणी सोडली नाही. पहिल्या दिवशी, तुम्हाला सांगतो, त्याने एकूण नऊ डाग काढले. मांगरात एवढे डाग निघालेलं फळ त्याने कोंबड्यांनासुद्धा घातलं नसतं.

डॉक्टरीणबाई दिसल्या त्या पळतच होत्या, दुसरी एक बाई अडली होती. चारुदत्त आडवा गेला. "बाई, मुलीला..."

"मुलगी उत्तम आहे. माझी पद्धत ठाऊक आहे ना? तिसऱ्या दिवशी घरी सोडताना आईबापांसमोर बाळ डोक्यापासून पायापर्यंत तपासते. तोवर काय शंका असतील त्या लिहून ठेवा!" आणि दार बंद झालं.

मुलगी उत्तम आहे. सगळं छान आहे, सावकाश या. आणि तिसरा दिवस! चारुदत्त बाकावर बसला तो अर्धा तास उठला नाही.

मग तो सुनेत्राकडे गेला. ती दमली होती, पण चेहरा असा फुललेला की त्याला तिच्याकडे बघवेना. हिला काही कळता कामा नये, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. एकदा पोळलेली बाई, दुसऱ्यांदा हे ऐकलं तर वाचायची नाही.

"पाहिलीत? कशी आहे?" तिने विचारलं.

"आहे," चारुदत्त म्हणाला.

"नुसती आहे?"

"म्हणजे... आहे अजून."

सुनेत्राच्या चेहऱ्यावरचं हसू जरा उतरलं. "घ्या ना तिला."

"नको, राहू दे." घ्यायची त्याला किती इच्छा होती! पण हातात घेतलं की जीव लागतो, आणि जीव लागल्यावर पुन्हा ते पांढरं फडकं बघायचं त्याच्यात बळ नव्हतं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला.

खाटेच्या दुसऱ्या बाजूला सासूबाई होत्या. आनंदीबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. शाळेत तीस वर्षं मास्तरीण होत्या, आणि मुलाने गृहपाठ केलाय की नाही ते त्याच्या चालण्यावरून ओळखत. त्यांनी जावयाचं तोंड पाहिलं आणि एका क्षणात निदान केलं. मुलगी झाली म्हणून!

"चारुदत्तराव, बर्फी कधी आणताय?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. आपल्याकडे मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"तीन दिवस जाऊ देत," चारुदत्त म्हणाला.

"का? तीन दिवसांत मुलीचा मुलगा होणारे?"

चारुदत्त नुसतं "बघू" म्हणाला आणि बाहेर पडला. "बघू"! आनंदीबाईंच्या डोक्यात त्या "बघू"ची ठिणगी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा हजर. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, दाढी वाढलेली. मालन सिस्टर बाळाचे कपडे बदलत होत्या, म्हणून सगळं एकदम दिसलं. आणि आज तर मुलगी कालच्याहून बिघडली होती! अंगभर लाल लाल पुटकुळ्या, मध्ये पिवळट टिपका. करपा! पानावर पडतो तसाच करपा! दोन्ही डोळे मध्येच नाकाकडे वळायचे. दार आपटलं तर पोर दोन्ही हात फेकून दचकली. छातीवर दोन्हीकडे सुपारीएवढ्या गाठी. आणि बेंबी! काल ओली, पांढरी होती ती नाळ आज काळी पडून आक्रसली होती. चारुदत्तने डोळे मिटून घेतले. देठ गेलं की फळ गेलं, हे त्याच्या आजोबांनी त्याला पाचव्या वर्षी शिकवलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी त्याने सहन केलं असतं. पण बदललेला लंगोट मालन सिस्टरांनी बादलीत टाकला, आणि त्यावर त्याला रक्ताचा एक छोटा डाग दिसला.

त्याने तो लिहिला, पण अक्षर लागेना. सिस्टरांना विचारायला तोंड उघडलं, पण त्या काय म्हणणार ते त्याला ठाऊक होतं. तो वळला आणि चालत सुटला. आत साका आहे. वरचे डाग नुसते वरचे आहेत, खरं जे काय आहे ते आत आहे, आणि उद्या तिसरा दिवस! एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. बाजार गेला, पेठ गेली, रस्ता उताराला लागला, याचं त्याला भान नव्हतं. शुद्धीवर आला तेव्हा तो मिरकरवाड्याच्या धक्क्यावर, सात पिढ्यांत मासळी न शिवलेला लिमये, बांगड्यांच्या लिलावात पहिल्या रांगेत उभा होता!

"बोला, आनखी कोन? कोन हाय?" टोपलीमागे उभी असलेली मासेवाली गोदा ओरडत होती. आणि नेमक्या त्याच वेळी, हताश होऊन, चारुदत्तने मान खाली टाकली.

"झाली! या चष्मेवाल्या भावंची झाली टोपली!"

"अहो, मी नाही..."

"मान हलवलाव की न्हाय? शंभर मानसांनी बगितला! आता उचला!"

भांडायला अंगात जीव असावा लागतो. चारुदत्तने निमूटपणे खिसा रिकामा केला, टोपली रिक्षात घातली आणि रिक्षावाल्याला मांगराकडे घ्यायला सांगितलं, कारण एवढ्या बांगड्यांचं दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना.

मांगरात भागोजी आणि कामाला येणारी काशी पेट्यांत पेंढा भरत होती. भागोजी चारुदत्तच्या वडिलांच्या वेळेपासूनचा गडी, म्हणून त्याला बोलायची मुभा.

"धनी, पोरगी झाली तर झाली. येवढा त्वांड कशाला पाडताव? माज्या चार हायत. चारीच्या चारी कलमावर चडून आंबे काडतात!"

"भागोजी, ही टोपली घ्या. वाटून टाका."

भागोजीने फडकं उचललं आणि तो बघतच राहिला. काशीनेही डोकावून पाहिलं. "पोरग्याचे पेडे, पोरीची बर्फी," ती म्हणाली, "आनि ह्ये बांगडे कशाचे वो, धनी?"

चारुदत्त उत्तर देणार एवढ्यात बाहेर दुसरी रिक्षा थांबली. आतून आनंदीबाई उतरल्या, हातात बर्फीचा मोठा पुडा. "बापाला आनंद झाला नसेल, आजीला झालाय!" असं सगळ्या गड्यांसमोर सुनावून, जावयाच्या डोळ्यांदेखत त्या बर्फी वाटणार होत्या. वाक्य पाठ करूनच आल्या होत्या बिचाऱ्या! पण दारातच त्या थांबल्या. समोर जावई उभा, दाढी वाढलेली, सदऱ्यावर खवले, आणि भागोजी एकेकाच्या हातावर दोन-दोन बांगडे ठेवतोय.

"हे काय?"

"धनी वाटतायत," काशी म्हणाली. "पोरगी झाली म्हनून."

आनंदीबाईंचं पाठ केलेलं वाक्य तसंच राहून गेलं. त्यांनी पुडा तसाच छातीशी धरला, मागे वळल्या आणि रिक्षात बसल्या.

रत्नागिरीत गोष्ट पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं, की मुलगी झाल्याच्या रागाने लिमयांच्या चारुदत्तने जानवं तोडून मासे वाटले. उरलेल्या अर्ध्या गावात तर त्याने मिरकरवाड्याला एक होडीच विकत घेतली होती आणि तो आता बागबिग विकून समुद्रावर जाणार होता! प्रसूतिगृहात ही बातमी कुठल्या रूपात पोचली कोण जाणे. पण तिसऱ्या दिवशी सकाळी चारुदत्त दारात आला तेव्हा मालन सिस्टरांनी त्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. अक्षर सुनेत्राचं.

"मुलगी नको असेल तर आम्हीही नको. सव्वा महिना झाला तरी मी माहेराहून परत येणार नाही. बारशाला येऊ नका. माझ्या मुलीला मी एकटी वाढवीन."

चारुदत्तने चिठ्ठी दोनदा वाचली. बायको सोडून चालली, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो अडकला तो "वाढवीन" या शब्दापाशी. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. वाढवीन म्हणे! बिचारीला काही म्हणजे काही ठाऊक नाही!

"रडून काय होणार?" मालन सिस्टर म्हणाल्या. "चला आत. बाई तपासणीला बसल्यात."

आत टेबलावर मुलगी उघडी, हातपाय झाडत. एका खुर्चीत सुनेत्रा, तोंड खिडकीकडे. तिच्यामागे आनंदीबाई पहारेकऱ्यासारख्या. जावयाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, नुसतं नाकाला पदर लावला. वास्तविक तो तीनदा आंघोळ करून आला होता.

"हं, लिमये," डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला. "शंका लिहिल्यात?"

"लिहिल्यात."

"किती?"

"सतरा."

"सतरा!" आनंदीबाई कडाडल्या. "मुलगी आहे, ही एकच पुरली नाही वाटतं!"

"तुम्ही थांबा हो जरा. वाचा, लिमये."

चारुदत्तने लेबल दोन्ही हातांनी धरलं. सुनेत्रासमोर वाचायचं जिवावर आलं होतं. पण तिसरा दिवस उजाडला होता, आता लपवून तरी काय उपयोग?

"एक. डोकं आपटलेलं आहे."

"आपटलेलं नाही, दाबलेलं आहे. यायची वाट अरुंद. हाडं एकमेकांवर सरकतात म्हणून तर डोकं बाहेर पडतं. सूज आजच अर्धी उतरलीय, हात लावून बघा."

"दोन. टाळू उडते."

"उडायलाच हवी. पुढे?"

"हातपाय निळे."

"पहिल्या दिवशी असतात. आज आहेत?" चारुदत्तने पाहिलं. तळवे गुलाबी होते. "ओठ आणि जीभ निळी असती तर मीच धावत आले असते. ओठ बघितलेत तुम्ही?"

"नाही."

"मग तीन दिवस बघितलंत काय!"

"चार." चारुदत्तने सासूबाईंकडे चोरून पाहिलं. "मागच्या बाजूला... चीक लागल्याचा चट्टा."

"काय लागल्याचा?"

"चीक."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "लिमये, हा चट्टा आपल्याकडे निम्म्याहून जास्त मुलांना जन्मतःच असतो. चार-पाच वर्षांत फिका पडतो. तुम्हालाही असणार लहानपणी, तुमच्या आईला विचारा."

पुढे पुढे तर बाईंना त्याची भाषाच समजायला लागली. करपा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "ह्या पुटकुळ्या दुसऱ्या दिवशी येतात, आठवड्यात जातात. हळद नको, चंदन नको, काही फासू नका." नाकावरची बुरशी म्हणजे बुरशी नव्हतीच, घामोळ्यासारखे पांढरे कण, तेही आपोआप जाणारे. डोळे तीन महिन्यांत सरळ होतील. दचकते ते उत्तम, न दचकती तर काळजी! छातीच्या गाठी आईच्या अंगातला रस तिच्यात उतरल्यामुळे, दाबायच्या नाहीत.

"देठ," चारुदत्त वाचत होता. "देठ काळं पडलंय. कुजतंय."

"वाळतंय! वाळूनच गळायचं असतं ते. कुजलं असतं तर घाण वास आला असता, भोवती लाल झालं असतं. आठ-दहा दिवसांत पडेल, तोवर कोरडं ठेवा. पुढचं?"

पुढचं चारुदत्तला वाचवेना. त्याने लेबल बाईंच्या पुढे धरलं. बाईंनी ते वेडंवाकडं अक्षर कसंबसं लावलं आणि वर पाहिलं.

"हा रक्ताचा डाग कधी बघितलात?"

"काल सकाळी."

"आणि तेव्हापासून कुणालाच विचारलं नाहीत?"

"सुनेत्राला कळलं असतं. तिला पुन्हा ते..."

"अहो, सुनेत्राला मीच सांगितलंय! मुलींना होतं असं, दोन-चार दिवस, तेही आईच्याच रसामुळे. काही नाही त्यात. आणि हेच नव्हे, यातलं जवळजवळ सगळं तिला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवलंय. तिला विचारायचं होतंत!"

सुनेत्राने हळूहळू तोंड वळवलं.

"म्हणजे मुलगी झाली म्हणून नव्हतं?"

"मुलगी काय नि मुलगा काय!" चारुदत्तचा आवाज फाटला. "मला ती जगायला हवी होती गं! मागच्या वेळी मी नव्हतो. या वेळी बघणार होतो नीट. आणि जितकं बघितलं तितकं..."

आनंदीबाईंनी नाकावरचा पदर काढला. मास्तरीणबाईंचं निदान चुकलं होतं, आणि ते कबूल करणं त्यांना सोपं नव्हतं. "आणि ते बांगडे?" त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं.

"चुकून आले," चारुदत्त म्हणाला.

"आता सगळे गप्प बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांनी बघितलं ते सगळं वरचं. मला आतलं बघू दे." त्यांनी मुलीच्या तोंडात बोट घालून टाळा चाचपला. दोन्ही मांड्या दुमडून बाहेर वळवल्या, खुबे पाहिले. मग नळी छातीवर ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. चारुदत्तला वाटलं, वर्ष गेलं. बाईंच्या कपाळावर आठी पडली आणि त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"लिमये, जरा लांब उभे राहा. तुमच्याच छातीची धडधड मध्ये येतेय!"

तो दोन पावलं मागे सरला. बाईंनी पुन्हा ऐकलं, पाठीवरून ऐकलं, आणि मग कानातली नळी काढून त्याच्या कानात घातली. "ऐका."

आत घोडा दौडत होता. टपटप, टपटप, टपटप! एवढ्याशा जिवात एवढा मोठा आवाज!

"स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "कुठे काही नाही. झाले सोळा. सतरावं काय?"

चारुदत्तने डोळे पुसून लेबल पाहिलं. "कान. पुढे आलेत. सुपासारखे."

बाईंनी मुलीचा एक कान दुमडून सोडला, तो टपकन जागेवर आला. मग त्यांनी मान वर करून चारुदत्तकडे पाहिलं. मालन सिस्टरांनी पाहिलं. आनंदीबाईंनी तर लग्नानंतर पहिल्यांदाच निरखून पाहिलं.

"हे मात्र जाणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी सोळा जातील. हा कलमाचा गुण आहे!"

मालन सिस्टरांना एवढं हसू आलं की त्यांना टेबलाला धरावं लागलं. आनंदीबाईही पदराआड हसल्या. सुनेत्रा मात्र हसली नाही.

"त्याचेही असेच होते," ती म्हणाली.

तिने मुलीच्या कानावरून हलकेच बोट फिरवलं.

"डावा जरा जास्त पुढे. मी बघितले होते. तुम्हाला सांगायचं होतं, पण तुम्ही विषयच काढू देत नव्हतात."

दोन वर्षं चारुदत्तला हेच विचारायचं होतं. तिला दुखेल म्हणून त्याने विचारलं नव्हतं.

"आणि केस?" तो म्हणाला.

"खूप. कपाळापर्यंत."

"बोटं?"

"लांब. तुमच्यासारखी."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मुलाला चेहरा आला. आणि चेहरा आला तेव्हा, तो गेला, हेही चारुदत्तला पहिल्यांदा नीट कळलं. तो तिथेच जमिनीवर बसला आणि मोठमोठ्याने रडायला लागला. आंब्याचा बागायतदार, छत्तीस वर्षांचा बाप्या, पण त्याला कुणी ऊठ म्हटलं नाही. सुनेत्राने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे डोळे पुसले.

शेवटी डॉक्टरीणबाई उठल्या. "आई आणि मूल ठणठणीत. सोडा त्यांना, ऊन चढायच्या आत घरी पोचू देत. यांना मात्र बसवून ठेवा आणि भरपूर साखर घालून चहा द्या."

मालन सिस्टरांनी त्याला त्यांच्या खोलीत बसवून चहा दिला. चहा उत्तम होता! तीन दिवसांत चारुदत्तच्या जिभेला पहिल्यांदाच कसली तरी चव लागत होती. आता बाहेर जायचं, असं तो मनाशी ठरवत होता, आणि मुलीला दोन्ही हातांनी उचलायचं, आणि रिक्षात मांडीवर घेऊनच बसायचं. कुणी मागितली तरी द्यायची नाही! शेवटचा घोट घेऊन, केसांवरून हात फिरवून तो बाहेर आला.

रिक्षा नव्हती. सुनेत्राला वाटलं होतं, तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसलाय. आनंदीबाईंना वाटलं होतं, तो मागच्या रिक्षाने येतोय. मागे रिक्षाच नव्हती. लांब वळणावर एक रिक्षा जाताना दिसत होती, आणि तिच्यातून दुपट्याचं एक गुलाबी टोक बाहेर आलं होतं.

"थांबा! अहो, थांबा!" चारुदत्त ओरडला. त्याने धोतर सावरलं, चपला हातात घेतल्या आणि भर बाजारातून, उन्हात, तो जीव घेऊन धावत सुटला. दुकानदार फळीवरून उतरून बघायला लागले. पानवाल्याने कात लावता लावता हात थांबवला आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसलं.

"बघितलंत? लिमयांचा चारुदत्त! मुलगी झाली म्हणून शेवटी गाव सोडून पळाला!"